कागदाच्या मॉडेलवरून पहिलं साय-फाय आर्मर बनवायचं आहे, सुरुवात कुठून करू? (नागपूर)

वऱ्हाडी_रोबो

नमस्कार मंडळी. मी मानेवाड्यात राहतो, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग आहे अन् त्यात घालायला एक पूर्ण आर्मर बनवायचं मनात पक्कं केलंय, हेल्मेट, छाती, खांदे, हात, मांड्या, नडग्या, सगळं. हेलो गेममधल्या मास्टर चीफचं चिलखत शाळेत होतो तेव्हापासून डोक्यात बसलेलं आहे, अगदी तेच नाही पण त्याच धाटणीचं पाहिजे. कागदाचं काम म्हणाल तर आतापर्यंत दिवाळीचे आकाशकंदील केले, तेवढंच.

पेपाकुरा नावाचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. थ्रीडी मॉडेल उलगडून सपाट पानं करून देते हे समजलं, फाईलपण मिळाल्या, पण उघडून पाहिलं तर नुसत्या हेल्मेटचीच इतकी पानं दिसून राहिली की पूर्ण सूट धरला तर गठ्ठा होते. प्रिंटला टाकायच्या आधी विचारून घ्यावं म्हटलं.

माझी उंची ५ फूट ५ इंच. गेममधला चीफ चिलखत घालून ७ फुटांच्या वर जातो. मग सगळ्या फाईल एकाच प्रमाणात बारीक करायच्या, की प्रत्येक पार्टचा हिशोब वेगळा? कागद कोणता घेऊ, आमच्या इथला झेरॉक्सवाला म्हणतो जाड कागद मशीन घेत नाही. अन् सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे कडक कसं करायचं, कारण व्हिडिओत सगळे रेझिन (लावल्यावर कडक होणारं पातळ केमिकल) अन् फायबर (काचेच्या धाग्यांचं कापड) लावतात पण आमचं घर दोन खोल्यांचं, आजीला दम्याचा त्रास आहे, घरात वास अजिबात चालणार नाही. वर गच्ची आहे पण ती कॉमन आहे.

आणखी एक. भाच्याला कळल्यापासून तोपण मागं लागला आहे की तान्ह्या पोळ्याले (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा) मलेपण असंच पाहिजे. ६ वर्षांचा आहे. त्याला याच फाईल चालतील का?

ज्यांनी बनवलं असेल त्यांनी जरा सविस्तर सांगजा.

---

घडीवर_घडी

छान काम हातात घेतलंयस. मी धरमपेठेत राहते, कागदाची मॉडेलं अन् कॉस्च्युम दोन्ही करते, म्हणून स्केल अन् कागदाचं मी सांगते, रेझिनचं इथले बाकीचे सांगतील.

एकाच प्रमाणात बारीक करायचं नाही. तुझी उंची १६५ सेंटीमीटर अन् चीफ २१८ च्या आसपास धरला तर प्रमाण पाऊणपट येतं, पण त्या पाऊणपटीत छापलेलं हेल्मेट तुझ्या डोक्यात जाईलच याचा काही भरवसा नाही, कारण माणसामाणसाच्या उंचीत जेवढा फरक असतो तेवढा डोक्याच्या मापात नसतो. शिवाय गेममधल्या आकृतीची कंबर, मान, खांदे आपल्यासारखे नसतातच. प्रत्येक पार्टचं माप वेगळं घ्यायचं. पेपाकुरा डिझायनरमधे टू-डी मेन्यूत स्केल बदलायची खिडकी आहे, तिथं पूर्ण जोडलेल्या पार्टची उंची मिलिमीटरमधे टाकली की रुंदी अन् खोली आपोआप बदलते. पैसे न भरलेली कॉपी फाईल सेव्ह करू देत नाही, म्हणून प्रत्येक पार्टचा आकडा वहीत लिहून ठेव, नाही तर महिन्याभरानं डावा हात छापायला बसशील अन् उजव्याचा स्केल काय होता ते आठवणार नाही.

हेल्मेटचं माप असं घे. भिंतीला पाठ लावून उभा राहा अन् डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तकं उभी धरायला सांग कोणाला तरी, त्या दोन पुस्तकांमधलं अंतर ते कान ते कान. तसंच नाकाच्या शेंड्यापासून मागच्या कवटीपर्यंत. समज कान ते कान १६ सेंटीमीटर आलं तर दोन्हीकडे २-२ सेंटीमीटर फोम अन् वरून फायबरची जाडी, म्हणजे आतून साधारण साडेवीस ते एकवीस पाहिजे. सॉफ्टवेअर जी रुंदी दाखवतं ती सगळ्यात बाहेरच्या टोकांची असते, हे विसरायचं नाही. अन् खरी अडचण गळ्याशी येते! हेल्मेट गळ्याच्या भोकातून डोक्यात जातं, आतली जागा कितीही मोकळी असली तरी ते भोक लहान असेल तर नाक अडकतं. म्हणून आधी फक्त खालच्या कडेची पानं साध्या ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडी-वजनाचं माप) कागदावर छाप, चिकटव, डोक्यातून घालून पाहा. चार-पाच पानांत कळून जातं.

हाताच्या पार्टला कोपरापासून मनगटापर्यंत जेवढं माप येईल त्यापेक्षा दोनेक सेंटीमीटर कमी ठेव, नाही तर कोपर वाकवलं की कड टोचते.

कागद २०० जीएसएमची कार्डशीट. अमेरिकन व्हिडिओत ज्याला ११० पौंडचा कार्डस्टॉक म्हणतात तो जवळपास हाच. साध्या ट्रेमधून मशीन घेत नाही पण बऱ्याच मशीनला बाजूचा बायपास ट्रे असतो, एकेक शीट तिथून टाकतात, तुझ्या झेरॉक्सवाल्याला तेच विचार, अन् लेझर प्रिंटच घे. बऱ्याच फाईल लेटर साईझच्या असतात, आधी ए-फोर करून घे. छापताना 'फिट टू पेज' बंद, १०० टक्क्यांवर. पहिलं पान हातात आलं की पट्टी लावून मोज अन् मगच पुढची छापायला सांग, कारण मशीननं तीन टक्के जरी बारीक केलं तरी हेल्मेटची रुंदी सात-आठ मिलिमीटरनं कमी होते.

घडीच्या रेषेवर संपलेली बॉलपेनची रिफिल पट्टी धरून दाबून ओढायची. शाई उतरत नाही, कागद फाटत नाही, अन् खोबण अशी पडते की घडी आपण हात लावला की वळतेच. सगळ्या घड्या आधी पाडून घे, चिकटवायला नंतर बस. कडांचे नंबर छापायचा पर्याय चालू ठेव, ज्या दोन कडांवर सारखा नंबर त्या एकमेकींना लागतात, ते नसेल तर हेल्मेटच्या मागच्या बाजूचे तुकडे ओळखता येत नाहीत. फेव्हिकॉल नको, पाण्यानं कागद वाकतो. फेव्हीक्विकचा बारीक थेंब, अन् जास्त झालेलं सुती फडक्यानं पुसायचं नाही, सुतावर ते एकदम गरम होतं, चटका बसतो.

अन् सगळा गठ्ठा एकदम छापू नकोस. एका हाताचा पार्ट घे, तोच छापून, जोडून, कडक करून, घासून, रंगवून शेवटाला ने. या कामात हात कुठं थकतो, वेळ कुठं जातो ते त्या एका पार्टवर कळतं, अन् जानेवारीचं गणितही त्यावरूनच मांडता येतं.

---

ड्यूको_दादा

ताईनं बरोबर सांगितलं. मी गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो, फायबरचे बंपर रोजच हातात येतात, तर रेझिनचं मी सांगतो, नीट वाच भाऊ.

आपल्याकडं जे साधं पॉलिएस्टर रेझिन भेटते त्याच्यासोबत बहुतेक दोन बाटल्या देतात, एक जांभळट कोबाल्ट, त्याला एक्सलरेटर म्हणतात, अन् दुसरी पाण्यासारखी पांढरी, ती हार्डनर, एमईकेपी. हे दोन कधी, कधीच एकमेकांत डायरेक्ट टाकायचे नाही. आग लागते, फुटतेपण. आधी कोबाल्ट रेझिनमधे टाकून चांगलं घोटून घ्यायचं, ते पूर्ण मिसळलं की मगच हार्डनर. कोबाल्ट आधीच टाकलेलं रेझिनपण भेटते, नवीन माणसानं तेच मागावं, दुकानदाराला स्पष्ट विचारून घे. अन् हार्डनर डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते, गॉगल लावल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. उडालंच तर पाण्यानं धूत राहा अन् तसाच डॉक्टरकडे जा.

हार्डनर किती, तर १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात १ च्या वर जायचं कामच नाही, मे महिन्यात तर ब्रश उचलेपर्यंत डब्यात जेली होऊन जाते. एका वेळी वाटीभरच बनव, पसरट भांड्यात, खोल डब्यात जास्त राहिलं की ते आपल्याच गर्मीनं धूर सोडते.

आता तुझ्या घरचं. रेझिन घरात लावायचंच नाही, आजी असो की नसो. तो वास स्टायरिनचा आहे, एन-९५ नं थांबत नाही, ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजवाला मास्क लागते. गच्चीवर सावलीत लाव, शेजाऱ्यांना आधी सांग, अन् लावलेला पार्ट वाळला म्हणून लगेच खाली घेऊन येऊ नको, वास बरेच दिवस सुटत राहते, तो पूर्ण गेल्याशिवाय घरात नाही.

कधी करायचं हेपण महत्त्वाचं आहे. आता पावसाळा तोंडावर आहे, त्यात रेझिन वरून चिकट राहते. कूलर लावलेल्या खोलीत तर कार्डशीटपण ठेवू नको, त्या दमट हवेनं कागद मऊ पडून आकार सोडते. छापणं, कापणं, जोडणं पावसाळ्यात कर, जोडलेले पार्ट पिशवीत बांधून कपाटावर ठेव, अन् रेझिन दसऱ्यानंतर काढ. तेव्हा हवा कोरडी असते.

पहिला हात पातळ, बाहेरून. कागद रेझिन पिऊन आधी ढिला पडते, म्हणून लावायच्या आधी आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या आडव्या चिकटवून ताण देऊन ठेव, छातीच्या पार्टला तर नक्की. ते कडक झालं की आतून चॉप मॅट, म्हणजे काचेच्या तुकडे-धाग्यांचं फायबर, तुकडे फाडून, ब्रशनं टिपून-टिपून, हवा काढत. हातात ग्लोव्ह्ज अन् पूर्ण बाह्या, काच अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही. मग वरून लांबी, म्हणजे गाडीवाली दोन भागांची पुट्टी, अन् ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घास. कागदाचे सपाट तुकडे जोडून गोलाई आलेली असते, त्यामुळं प्रत्येक जोडावर एक बारीक कोपरा दिसते. तो कोपरा घासून काढायचा नाही, तिथं कागद उघडा पडते. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंनी लांबी भरून गोलाई आणायची. हाताचा तळवा फिरवत राहा, डोळ्याला न दिसणारा खड्डा तळव्याला लागतो. मग १२०, २२०, प्रायमर, अन् प्रायमरनंतर जे पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, दिसतील त्यात एनसी पुट्टी (बारीक भोकं भरायची तयार पुट्टी), ४०० चा वॉटर पेपर, मग रंग.

सामान एकदम घेऊ नको. इतवारीत केमिकलवाल्यांकडे विचार अन् एका हातापुरतंच घे.

---

बडग्यावाले

आमच्या मंडळात दरवर्षी बडग्या, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीतला पुतळा, बनवतो, बांबू, कागद, कापड, सगळं हातानं, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. दादाचं रेझिन बरोबर आहे पण पूर्ण अंगाला रेझिन काऊन पाहिजे? हेल्मेट कागद-रेझिनचं कर, त्याला धारदार कडा पाहिजेत. छाती, मांड्या, नडग्या ईव्हीए फोमच्या कर. चपला-बुटांचं सामान विकणाऱ्यांकडे ईव्हीएची शीट भेटते, ५ अन् १० मिलिमीटर, आपण चपलेच्या तळाला पाहतो तीच जात. रबर सोल्युशन दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटणार नाही इतकं सुकू द्यायचं अन् मग एकमेकांवर दाबायचं. रंगाच्या आधी हीट गन फिरवली की वरची छिद्रं बंद होतात. या सोल्युशनलाही वास असतो, तेपण गच्चीवरच. पण फोम वजनाला हलका, बसता येते, पायऱ्या चढता येतात, अन् गर्दीत कोणाला कोपर लागलं तरी त्याला लागत नाही.

कागदाची फाईल फोमला तशीच वापरू नको. कागदाला जाडी नसल्यासारखीच असते, १० मिलिमीटरचा फोम वाकवला की आतलं माप कमी होते, म्हणून गोलाई बंद होणाऱ्या पार्टला ते वाढवून धरावं लागते. अन् बारीक-बारीक त्रिकोण फोममधे कापत बसायचे नाही, फोमच्या वेगळ्या सोप्या फाईल असतात, त्यात चिकटवायच्या पट्ट्याही नसतात.

भाच्यासाठी मात्र रेझिन बिलकुल नको. पोराले पूर्ण हेल्मेटपण नको, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किती उकाडा असते आपल्याले माहीत आहे, त्यात मारबतीची मिरवणूक पाहायला नेलं तर गर्दीत त्याला आजूबाजूचं दिसलं पाहिजे, श्वास मोकळा पाहिजे. छातीची प्लेट, दोन खांदे अन् हाताचे दोन पार्ट ५ मिलिमीटर फोमचे, बस. एक हात मोकळा ठेव, त्याला लाकडी बैलाची दोरी धरायची असते. त्याचं आधी कर, तुझीपण प्रॅक्टिस होऊन जाईल.

---

वऱ्हाडी_रोबो

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं, खरंच आभार. ताई, तुम्ही म्हणता तसं गळ्याची कड साध्या कागदावर छापली, नाक अडकलं! स्केल वाढवून परत छापली अन् आता मोकळी जाते. झेरॉक्सवाल्याच्या मशीनला बायपास ट्रे निघाला. आता ठरवलं असं की हेल्मेट अन् हाताचे पार्ट कागदाचे, बाकी फोम, अन् भाच्याचं पहिल्यांदा. रेझिन दसऱ्यानंतरच, गच्चीवर, वरच्या मजल्यावरच्या काकांना बोललो, ते हो म्हणाले.

दोन गोष्टी राहिल्या. हेल्मेटच्या समोरच्या काचेचं काय करू, अन् हे सगळं अंगावर टिकवायचं कशानं?

---

घडीवर_घडी

काचेला बाईकच्या हेल्मेटची सुटी व्हायझर घे, मध्यम काळी, कात्रीनं हळूहळू कापली तर तडा जात नाही. आत बसवायची ती रंगकाम पूर्ण झाल्यावर. तोंडाच्या वाफेनं धुकं धरतं म्हणून हनुवटीपाशी ५ व्होल्टचा छोटा पंखा लाव, पॉवर बँकेवर चालतो, अन् मागं गरम हवा जायला एखादी फट ठेव. तरीसुद्धा गॅदरिंगला एक मित्र सोबत पाहिजेच, खाली पायाजवळचं दिसत नाही अन् पाणी प्यायला हेल्मेट काढायला कोणी तरी लागतं.

टिकवायला दप्तराला असते ती पट्टी अन् क्लिपची बक्कलं, बॅगा शिवणाऱ्यांकडे मिळतात. छातीचं वजन खांद्यांवर येऊ दे, मांड्यांचे पार्ट कमरेच्या पट्ट्याला टांग, नुसते आवळून बांधले तर चालताना खाली घसरतात. आतून घट्ट काळे कपडे घाल. अन् नडग्यांचं माप घेताना गॅदरिंगला जे बूट घालणार तेच पायात असू दे, अनवाणी घेऊ नकोस.