मदत हवी आहे: बिबडे वर्षभर कसे टिकवता?

राम राम मंडळी. यावल तालुक्यात मी अन् माझी जाऊ ज्वारीचे बिबडे (आमच्याकडचे तीळ घातलेले पापड) आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ विकतो. एप्रिल-मेच्या उन्हात बिबडे खडखडीत वाळतात, पण मागणी वाढते ती हिवाळ्यात, भरीत पार्ट्या सुरू झाल्या की. तोवर त्यातले तीळ खवट होतात. जाड पिशवी बरी की डबा? कुरिअरमध्ये चुरा होऊ नये म्हणून काय करता?

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलांना ३५ टक्के अनुदान आहे, पण बँकेचं कर्ज घ्यावंच लागतं. सोलर ड्रायरसाठी एवढं डोक्यावर घ्यावं का? (जाऊबाई म्हणतात, घ्यायचं. त्यांना सगळं आजच हवं!) ड्रायर वापरणाऱ्यांनी चवीचं खरं सांगा. आणि दुकानदाराला उधारी किती दिवसांची देता?