मदत हवी आहे: एफआरपी शेडमधल्या स्टायरीनच्या तीन आकड्यांचा मेळ बसत नाही

जेलकोट

दक्षिण गोव्यातल्या एका शेडमध्ये फायबरच्या (एफआरपी) होड्या बनतात आणि ट्रॉलरवरच्या फायबर थराची डागडुजीही होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे सगळी कामे त्याच दोन महिन्यांत अंगावर येतात. पावसाची झड आत येऊ नये म्हणून शेडच्या तीन बाजूंना ताडपत्री बांधलेली असते. पॉलिएस्टर रेझीन (स्टायरीनची वाफ त्यातूनच उडते), हाताने रोलर मारून लॅमिनेशन, म्हणजे फायबरचे थर चढवणे. जुलैत एका एजन्सीकडून मोजणी करून घेतली. आकडे असे:

कोळशाची नळी (वाफ टिपणारा कोळसा पुढच्या भागात १०० आणि मागच्या भागात ५० मिग्रॅ), पंप लॅमिनेटरच्या अंगावर, नळी कॉलरला, ०.२ लिटर प्रति मिनिट, आठ तासांना एकच नळी: ९ पीपीएम.

पीआयडी मीटर (अतिनील दिव्याने हवेतली वाफ लगेच मोजणारा), १०.६ इव्हीचा दिवा, आयसोब्युटिलीन वायूवर कॅलिब्रेट केलेला, रोलर चालू असताना तोंडाजवळ: ५५ ते ७०.

लघवीतले मॅन्डेलिक ॲसिड (शरीरात स्टायरीनचे हेच बनते), गुरुवारी कामाची पाळी संपताना: लॅमिनेटर ५२०, रंगारी ३१० (मिग्रॅ प्रति ग्रॅम क्रिएटिनिन). रंगारी रेझीनला हात लावत नाही, शेडच्या दुसऱ्या टोकाला असतो.

मालकांचे म्हणणे, मर्यादा ५० पीपीएम आहे, आपण ९ वर, मग चिंता कसली? कामगारांना एन-९५ मास्क दिलेले आहेत. यातला कोणता आकडा धरायचा, आणि पुढची मोजणी कशी करायची?

नळीपंप

आधी नळीचे बघू. ०.२ गुणिले ४८० म्हणजे ९६ लिटर हवा. नायॉश या अमेरिकी संस्थेच्या १५०१ पद्धतीत स्टायरीनसाठी जास्तीत जास्त १४ लिटर दिले आहेत. पण तेवढ्यावरून नमुना बाद ठरवू नका. ती मर्यादा कोरड्या हवेत आणि तुमच्या शेडपेक्षा कितीतरी जास्त सांद्रतेवर काढलेली आहे. खरी अडचण जुलैतल्या दमटपणाची. पाण्याची वाफ कोळशातली जागा अडवते, त्यात ॲसिटोनही आहेच. मग स्टायरीन पुढच्या भागात न थांबता मागच्या भागात आणि तिथूनही बाहेर जाते.

प्रयोगशाळेकडून दोन गोष्टी मागा. एक, पुढच्या आणि मागच्या भागांचे आकडे वेगवेगळे. मागच्यात पुढच्याच्या १० टक्क्यांहून जास्त सापडले तर गळती झाली असे धरायचे. दोन, नळ्या घेतल्यापासून तपासेपर्यंत कुठे ठेवल्या होत्या. स्टायरीन कोळशावर गप्प बसत नाही, उबेत त्याचे बहुलक होत राहते आणि प्रयोगशाळेतल्या कार्बन डायसल्फाइड या द्रावकाने ते परत निघत नाही. म्हणूनच ओशा या अमेरिकी संस्थेच्या पद्धतीत टीबीसी हा बहुलक होऊ न देणारा रोधक लावलेला कोळसा वापरतात.

मीटरवाला

पीआयडीच्या आकड्याला पीपीएम म्हणूच नका. आयसोब्युटिलीनवर बसवलेल्या मीटरला १०.६ च्या दिव्यावर स्टायरीनसाठी साधारण ०.४ ने गुणावे लागते. म्हणजे ५५ ते ७० चे २२ ते २८ झाले. तेही हवेत फक्त स्टायरीन असेल तर. रोलर धुवायची ॲसिटोनची बादली जवळ उघडी असेल तर मीटर तेही मोजतो (त्याचा गुणक १.१ च्या आसपास), आणि दोन्ही एकत्र असताना कुठलाच गुणक कामाचा राहत नाही. दमट हवेत दिव्यावर ओल धरली की आकडा आणखी भरकटतो.

बादल्यांना झाकण घाला, पंधरा मिनिटांनी परत मोजा. जेवढा आकडा खाली आला तेवढे ॲसिटोन. मीटरचा खरा उपयोग जागा शोधायला होतो: नांगराच्या खणात किती, पंख्यासमोर किती. पाळीची सरासरी त्यावरून काढू नये.

जेलकोट

दोघांचेही आभार. प्रयोगशाळेला फोन केला. मागच्या भागात पुढच्याच्या २८ टक्के आहे, आणि अहवालातला ९ हा फक्त पुढच्या भागाचा. नळ्या दहा दिवस साध्या पाकिटात, फ्रिजबाहेर होत्या. बादली उघडीच असते. पण रंगाऱ्याचे ३१० कुठून आले?

मूत्रपिंड

रंगारी थिनर कोणता वापरतो? झायलीनचा असेल तर उत्तर तिथेच आहे. बाजारातल्या झायलीनमध्ये इथिलबेन्झीन बऱ्यापैकी असते, १० ते २० टक्के सहज. शरीरात त्याचेही मॅन्डेलिक आणि फिनाइलग्लायॉक्सिलिक ॲसिडच होते. ही चाचणी दोघांत फरक करू शकत नाही. त्याच नमुन्यात मिथाइलहिप्युरिक ॲसिड (झायलीनचे शरीरात होणारे) तपासून घ्या. ते चढलेले असेल तर झायलीन नक्की. लॅमिनेटरबद्दल शंका नको असेल तर लघवीतले न बदललेले स्टायरीन मोजायला सांगा. ते फक्त स्टायरीनमुळेच येते. त्यासाठी बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करावी लागते, नाहीतर ते वरच्या हवेत उडते.

लॅमिनेटरच्या ५२० बद्दल: अहवालात फक्त मॅन्डेलिक आहे की मॅन्डेलिक आणि फिनाइलग्लायॉक्सिलिक दोन्हींची बेरीज? एसीजीआयएच या अमेरिकी तज्ज्ञ-संघटनेने बरीच वर्षे ठेवलेला ४०० हा निर्देशांक आणि जर्मनीचा ६०० हे दोन्ही बेरजेचे आहेत. नुसते मॅन्डेलिकच ५२० असेल तर बेरीज आणखी वर जाईल. शिवाय फिनाइलग्लायॉक्सिलिक साध्या तापमानाला टिकत नाही. नमुना लगेच बर्फात आणि त्याच दिवशी उणे २० अंशांवर गेला पाहिजे.

क्रिएटिनिन ०.३ ते ३ ग्रॅम प्रति लिटरच्या बाहेर असेल तर नमुना टाकून द्या. घामाने निथळणारी माणसे पाणी कमी पितात, मग लघवी घट्ट होते आणि भागाकार फसवतो. कामाच्या वेळेत दारू घेतली असेल तर स्टायरीनचे रूपांतरच मंदावते आणि संध्याकाळचा आकडा खोटा कमी दिसतो. हे विचारताना मालक समोर नसावेत. फेणी घेतली असे त्यांच्यादेखत कोण सांगणार?

जेलकोट

थिनर झायलीनचाच निघाला. ५२० हे फक्त मॅन्डेलिक.

नळीपंप

मग ९ हा खालचा तळ समजा. खरी पातळी त्याहून वर आहे. लघवीचा आकडा २० च्या वरच बोट दाखवतो. मीटरच्या आकड्यात ॲसिटोन मिसळलेले आहे, तो इथे धरू नका.

मालकांचा ५० हवेतून आलेला नाही, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरीज ॲक्टच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांसाठी तोच होता, आणि १५ मिनिटांसाठी १००. पण त्यांना एसीजीआयएचची २०२० ची मर्यादाही दाखवा: आठ तासांसाठी १० आणि १५ मिनिटांसाठी २०. आयएआरसी या जागतिक कर्करोग-संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीन २ए गटात, म्हणजे माणसात बहुधा कर्करोगकारक, असे ठरवले. ग्राइंडरचा आवाज आणि स्टायरीन एकत्र आले की कानांचे नुकसान वाढते, म्हणून त्या कामगारांची श्रवणचाचणी आतापासूनच करून ठेवा. नंतर तुलनेला पायाभूत नोंद लागते.

पुढच्या मोजणीला पंप ०.०५ लिटरवर ठेवा. चार तासांत १२ लिटर, जेवणाच्या सुट्टीत नळी बदलायची. पंपाचा प्रवाह आधी आणि नंतर, नळी लावलेली असतानाच मोजा. ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो नमुना सोडा. दर दहा नळ्यांमागे एक कोरी (हवा न ओढलेली, तुलनेसाठी), किमान दोन: शेडमध्ये तोडायची आणि लगेच बंद करायची. रोलर जोरात असताना १५ मिनिटांचा वेगळा नमुना ०.२ वर घ्या, तीन लिटर पुरतात. नळ्या थेट बर्फाच्या पेटीत.

भंडारी_हवा

मोजत बसताना हवेचेही बघा. एन-९५ वाफेला अजिबात अडवत नाही, फक्त ग्राइंडिंगच्या धुळीला उपयोगी. लॅमिनेशनला रबरी अर्धमुखवटा आणि तपकिरी पट्टीचे ए२ कार्ट्रिज, धूळही असेल तर ए२पी३. दाढी असेल तर कडेने हवा येतेच. कार्ट्रिज वासावरून बदलू नका. स्टायरीनचा वास एका पीपीएमच्याही खूप खाली येतो आणि थोड्या वेळाने नाक सरावते. गोव्याच्या पावसाळ्यात कार्ट्रिज लवकर संपते, तारीख लिहून पाळीगणिक बदला.

होडीच्या पोटात पेडेस्टल पंखा पाठीमागून लावतात ते चूक. माणसाच्या अंगाने वारा अडतो आणि वाफ तोंडासमोरच घोटाळते. हवा बाजूने द्या. शोषक लवचिक नळाचे तोंड ओल्या मॅटच्या अगदी जवळ हवे. नळाच्या एका व्यासाइतके लांब गेले की ओढ तोंडाशी असते त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर येते. कामाच्या जागी अर्धा मीटर प्रति सेकंद मिळतो का, ते ॲनिमोमीटरने बघा. लॅमिनेशन शोषकाच्या टोकाकडून सुरू करून ताज्या हवेकडे मागे सरकत यायचे, म्हणजे ओला थर नेहमी माणसापलीकडे, शोषकाच्या बाजूला राहतो. समुद्राकडच्या बाजूची ताडपत्री खालून दोन फूट वर बांधली तरी फरक पडेल.

स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट ३१-३२ अंश आहे, म्हणजे तुमच्या शेडचेच तापमान. शोषकाची मोटर फ्लेमप्रूफच हवी. आणि शेल्फवर हार्डनर (एमईकेपी) आणि कोबाल्ट (रेझीन लवकर घट्ट करणारे प्रवेगक) शेजारी ठेवले असतील तर आजच वेगळे करा. ते थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो.

जेलकोट

शेजारीच होते. हलवले. ताडपत्री उद्या वर करतोय, नवीन नळ्या चतुर्थीआधी लावू. निकाल इथेच टाकेन, पुढच्या आणि मागच्या भागांसकट.