आठ महिन्यांच्या चष्म्यावर रेघांचं जाळं, कितीही पुसलं तरी जात नाही

चोडणची_बाय
नमस्कार. राहते चोडणला, नोकरी पणजीत. रोज फेरीबोट, रायबंदरला उतरून पुढे स्कूटर. चष्मा मायनस 3.25 चा, कोटिंगवाला, गेल्या चवथीच्या आधी घेतलेला. आता दोन्ही काचांवर बारीक रेघांचं जाळं आलंय. रात्री समोरून गाडी आली की दिव्याच्या चांदण्या होतात.

पुसते कशाने? खरं सांगते, ओढणीने. फेरीच्या कठड्याशी उभं राहिलं की वाऱ्याबरोबर फवारा येतो, तो तिथल्या तिथे पुसला नाही तर उतरताना गाडी कुठे घालते तेच कळत नाही. रविवारी घरी कढत पाणी आणि साबण. नवऱ्याने आरसे पुसायचा निळा स्प्रेसुद्धा मारून पाहिला. दुकानात गेले तर ‘मॅडम, काचा बदला’ एवढंच. बदलीन, पण झालं कशाने ते कोणी सांगेना. नवीन चष्म्याचंही असंच व्हायचं असेल तर पैसे कशाला घालू?

डिचोलीचा_नाना
टूथपेस्ट लाव आणि बोटाने गोल गोल चोळ. माझ्या मोबाइलच्या काचेचे चरे गेले.

काउंटरमागून
नाना, मोबाइलची काच ही काच असते. चष्म्याची ‘काच’ हल्ली प्लास्टिकची असते, नाव तेवढं जुनं राहिलंय. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. ती कोटिंगला लावली तर चरे जात नाहीत, सगळं सारखं धुरकट होतं, म्हणून चरे दिसत नाहीत इतकंच.

म्हापशाला चष्म्याच्या दुकानात 19 वर्षं काढली, आता गुडघ्यांमुळे घरी. बाय, दोन गोष्टी सांग. रेघा ओढणी फिरते त्या दिशेने लांब लांब आहेत, की सुकलेल्या खाजनातल्या चिखलाला भेगा पडतात तशा? आणि चष्मा स्कूटरच्या डिकीत ठेवतेस का?

चोडणची_बाय
काका, अगदी चिखलाच्या भेगांसारख्या! आणि हो, डिकीत. रायबंदर ते पणजी नंबरचा गॉगल लावते, ऑफिसात संगणकासाठी वेगळा चष्मा आहे, म्हणून हा संध्याकाळपर्यंत डिकीतच. स्कूटर बाहेर उन्हात. तुम्हाला कसं कळलं?

काउंटरमागून
दर मे महिन्यात असे चष्मे काउंटरवर यायचे. कोणाचा डिकीतला, कोणाचा गाडीच्या डॅशबोर्डवरचा.

प्लास्टिक तापलं की बरंच फुगतं. वरचं कोटिंग फार पातळ आणि कडक, ते तेवढं ताणलं जात नाही, मग तडकतं. हे मळ नव्हे, म्हणून पुसून जाणार नाही. तुझं रविवारचं कढत पाणीही त्याच पापातलं. नळाचं गार किंवा जेमतेम कोमट, बस्स. निळा स्प्रेही बंद, त्यातल्या काहींत अमोनिया असतो, तो कोटिंग खातो.

ओढणीचा गुन्हा वेगळा. आमच्या वडिलांनी जन्मभर धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि काही झालं नाही, कारण तो खऱ्या काचेचा होता. आताच्या काचेवर रस्त्याची धूळ बसलेली असताना कोरडं कापड फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवणं. नानांच्या डिचोलीकडची खनिजाची लाल धूळ तर प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. फेरीवरच्या फवाऱ्याचंही तेच. पावसाळ्यात मांडवीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, पण आता मेमध्ये खारं. थेंब सुकला की मिठाचे कण उरतात, आणि ते तू ओढणीने घासतेस.

म्हणून आधी पाणी, मग कापड. नळाखाली धर, धूळ वाहून जाऊ दे. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटांवर घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच चोळ. लिक्विड साधं घे, हात मऊ ठेवणारं नको, त्याचा तवंग राहतो. अंगाच्या साबणाचंही तसंच. नाकाजवळच्या पॅडच्या फटी आणि काड्यांचे सांधे विसरू नकोस, तोंडावरचं तेल आणि घाम तिथेच साचतो. स्क्रूला पितळेच्या भांड्यासारखा हिरवा कळंक दिसला तर जुन्या मऊ टूथब्रशने तेवढाच काढ, ब्रश काचेला लावू नकोस. धुऊन झाल्यावर पाणी झटक आणि मायक्रोफायबरने टिपून घे. ते कापडही आठवड्याला धू, फॅब्रिक कंडिशनर न घालता. आमच्याकडे दोन-दोन वर्षं न धुतलेलं कापड घेऊन ‘काच खराब आहे’ म्हणून भांडायला येणारे कमी नव्हते.

मिरामारची_सकाळ
आमच्या दुकानात एक मशीन आहे, पाण्यात चष्मा बुडवतात आणि मळ धुरासारखा निघतो. ते चालेल का? आणि पावसात माझ्या डबीला आतून बुरशी येते, त्याचं काय?

काउंटरमागून
चांगल्या चष्म्याला ते मशीन उत्तम. बारीक बुडबुडे फुटून फटीतला मळ निघतो. पण ज्याचं कोटिंग आधीच तडकलंय, तो त्यात घालू नये, पापुद्रे सुटतील. बाय, तुझा नको.

बुरशी येते ती ओला चष्मा डबीत बंद केल्यामुळे. पावसात डबी रात्री उघडी ठेवा, ऊन पडलं की तिला ऊन दाखवा. डबीला हां, चष्म्याला नव्हे.

डिचोलीचा_नाना
मी मोबाइलपुरताच बोललो होतो.

चोडणची_बाय
काका, नवीन काचा घातल्या, चष्मा आता पर्समध्ये, कडक डबीत. फेरीवर पाणी कुठून आणू हा प्रश्न होता, म्हणून आज प्यायच्या बाटलीतलं ओतून चष्मा धुतला. शेजारी पाव घेऊन उभे असलेले गृहस्थ म्हणाले, ‘बाय, चष्म्याक तान लागली?’