एन्जिनएक्समागे वेबसॉकेट दर मिनिटाला तुटतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एन्जिनएक्स (वेब सर्व्हर, इथे मधला प्रॉक्सी म्हणून) पुढे आणि मागे नोडच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या) दोन सर्व्हिसेस, एक चॅटची, दुसरी नोटिफिकेशनची. दोन्ही वेबसॉकेटवर, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या उघड्या राहणाऱ्या कनेक्शनवर चालतात. दोन्हींसाठी वेगळे लोकेशन ब्लॉक आहेत. एचटीटीपी व्हर्जन १.१ केलंय, अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन्ही हेडर हाताने पुढे पाठवतोय (ते हॉप-बाय-हॉप, म्हणजे एकाच टप्प्यापुरते असल्याने प्रॉक्सी आपणहून पुढे नेत नाही). हँडशेक व्यवस्थित होतो, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये १०१ (वेबसॉकेटवर गेल्याचा कोड) दिसतो.

चॅट मस्त चालतं. नोटिफिकेशनचं कनेक्शन मात्र शांत असलं की बरोबर ६० सेकंदांनी तुटतं, क्लायंटला कोड १००६ (कनेक्शन रीतसर बंद न होता तुटलं) मिळतो. प्रॉक्सी रीड टाइमआउट (बॅकएंडकडून काहीच आलं नाही तर प्रॉक्सी किती वेळ थांबतो ते) मुळातच ६० सेकंदांचा असतो, त्यामुळे संशय त्याच्यावरच आहे. चॅटमध्ये सतत काहीतरी येत असल्याने तिथे हे जाणवत नसावं.

आता टाइमआउट सरळ तासाभराचा करावा, की बॅकएंडकडून दर ३० सेकंदांनी पिंग (कनेक्शन जिवंत आहे का हे तपासणारा छोटा संदेश) पाठवावा? माझा कल पिंगकडे आहे, कारण मेलेली कनेक्शनंही त्यातच सापडतात. पण हजारो क्लायंट एकाच वेळी जोडलेले असताना पिंगचा भार कितपत जाणवतो? प्रत्यक्ष चालवलेल्यांनी कृपया सांगा.

अजून एक. कॉन्फिग रीलोड केल्यावर जुने वर्कर (एन्जिनएक्सच्या काम करणाऱ्या प्रोसेस) उघडी सॉकेट्स धरून बसतात आणि मेमरी अडकते. वर्कर शटडाउन टाइमआउट (ठरावीक वेळानंतर जुन्या वर्करची कनेक्शनं बंद करणारा) लावला, तर सगळे क्लायंट एकदम तुटून एकदमच परत जोडायला धावतील, याची धास्ती वाटते. तुम्ही हे कसं हाताळता?