अक्कलदाढ काढल्यानंतरचे आठ दिवस : पक्के अनुभव लिहा

दाढ काढून झाल्यावर सूचना सांगतात तेव्हा तोंडात कापूस आणि अर्धी जीभ बधिर असते. त्यातलं घरी पोचेपर्यंत काय आठवणार? म्हणून हा धागा. 'मला किती दुखलं' यापेक्षा नेमकं काय करायचं आणि का, ते लिहा.

*

पहिल्या दिवसाचं काम एकच: खड्ड्यात रक्ताची गुठळी टिकवणे. कापसाची घडी ३० ते ४५ मिनिटं घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघितलं तर रक्त थांबत नाही. थुंकू नका, लाळ गिळा. थुंकताना, चूळ खळखळवताना, स्ट्रॉने ओढताना तोंडात ओढ तयार होते आणि गुठळी निघून येते. लाळ गुलाबी दिसणं दिवसभर चालतं. तोंड पुन्हा पुन्हा रक्ताने भरत असेल तर नवी घडी ओली करून पिळा आणि अर्धा तास दाबून धरा. तरी थांबलं नाही तर फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दाढ काढण्याआधीच सांगा, ती आपल्या मनाने बंद करू नका.

*

बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर, १५ मिनिटं ठेवा, १५ मिनिटं काढा. हे पहिला दिवसभर. घरातली मोठी माणसं लगेच गरम शेक सुचवतात, पण त्याने सूज वाढते. शेक ४८ तासांनंतर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी आरशात बघून घाबरू नका. झोपताना डोक्याखाली दोन उशा.

*

गोळ्यांबद्दल: काँबिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ असतं. वरून डोलो ६५० घेतली की पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या माणसासाठी २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमची मर्यादा आहे. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. पहिली गोळी बधिरपणा उतरण्याआधीच, थोडं खाऊन घ्या. उपवास असेल तर तो पुढे ढकला.

*

खाण्याचं: गार ताक, कोमट मुगाची खिचडी (फोडणीत मोहरी-जिरं नको, दाणे खड्ड्यात अडकतात), नाचणीची आंबील, शिरा, दहीभात. चहा हवाच असेल तर कोमट करून, कपानेच. पोहे मऊ वाटतात, पण त्यातले शेंगदाणे आणि मोहरी विसरू नका. चिवडा, तीळ, भाकरीचा पापुद्रा दोन आठवडे बाजूला.

२४ तासांनंतर गुळण्या: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. पाणी तोंडात घेऊन मान डावी-उजवी कलवायची आणि बेसिनमध्ये आपोआप सांडू द्यायचं. दिवसातून चार-पाच वेळा, जेवणानंतर तर नक्कीच.

*

सगळ्यात महत्त्वाचं. दुखणं कमी होता होता तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं, कानापर्यंत ठणका जायला लागला, तोंडाला घाण वास आला, तर तो ड्राय सॉकेट: गुठळी गेली आणि हाड उघडं पडलं. विडी-सिगारेट, तंबाखू, मिसरी ही नेहमीची कारणं. लवंगतेलाचा बोळा घरी कोंबू नका, हिरडी भाजते. दवाखान्यात खड्डा धुऊन औषधी पट्टी भरतात आणि काही तासांत आराम पडतो.

खड्ड्यात पांढरट-पिवळट थर दिसतो तो मात्र बहुतेक वेळा पू नसतो, जखम भरण्याचाच भाग असतो. टूथपिकने उकरू नका.

*

एक राहिलं. वरची दाढ असेल तर आठवडाभर नाक शिंकरू नका, शिंक दाबू नका, कपालभाती बंद. वरच्या दाढेच्या मुळाशी सायनसची भिंत अगदी पातळ असते. आणि ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, जबड्याखाली कडक सूज, यातलं काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच इस्पितळ गाठा.