रेंडरवर रेषा ओढणं म्हणजे ढोंग? मग ऐकाच

०.३५ पेन

परवा आपल्या या आर्किटेक्ट लोकांच्या ग्रुपवर पिक्सेल पोट्टाने एक पोस्ट टाकली होती. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी मथितार्थ: रेंडरवर, म्हणजे कम्प्युटरवर काढलेल्या फोटोसारख्या चित्रावर, लाईनवर्क चढवणं म्हणजे लग्नाच्या फोटोला पेन्सिल स्केचचा फिल्टर मारणं. शेवटी टोमणा, "ज्याला रेंडर जमत नाही तो रेषा ओढतो." दोन दिवस गप्प बसलो. आज सकाळी माझ्याच ऑफिसातल्या ज्युनिअरने तीच पोस्ट मला हसत हसत दाखवली, तेव्हा राहवलं नाही. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

रेषा सांगते काय ठरलंय: स्लॅबची कड इथे, भिंत इथे कापली, दोन दगडांचा सांधा इथे. रेंडर सांगतं काय दिसेल: चार वाजताचं ऊन, वीट खडबडीत की घासलेली, ओसरीत अंधार किती. सेक्शन पर्स्पेक्टिव्ह घ्या, म्हणजे इमारत मधून कापून आतलं दाखवणारं चित्र. कापलेली भिंत ०.७ मिलिमीटरच्या जाड रेषेत, आतून भरीव काळी, आणि मागची खोली रेंडरमध्ये. आता ती जाड रेषा पुसा. भूकंपात अर्धं कोसळलेलं घर उरतं. नागपुरात लक्ष्मीनगरातल्या एका आजींनी मला असंच शीट बघून विचारलं होतं, "इकडची भिंत कोणी पाडली?"

ढोंग होतं, तेही सांगतो. स्केचअपच्या थ्रीडी मॉडेलमधून नुसत्या एजेस (कडा) काढायच्या, फोटोशॉपात रेंडरवर ठेवायच्या, मल्टिप्लाय मारायचं. पांढरं उडतं, काळं राहतं, पोरांना वाटतं जादू झाली. अरे, ए-वन शीट ३०० डीपीआयला ९९३३ बाय ७०१६ पिक्सेल होते. ०.२५ च्या रेषेला तिथे तीन पिक्सेल लागतात. तुमची एक पिक्सेलची एज कागदावर उतरते ०.०८ मिलिमीटरची. स्क्रीनवर सुंदर, प्लॉटरवर गायब. मग घाबरून सगळ्याच रेषा जाड करायच्या, की दाराची कडी आणि इमारतीची बाह्यरेषा एकाच वजनाची!

दोष रेषेचा नाही, हाताचा आहे. दोन्ही इमेज एकाच कॅमेऱ्यातून काढा. व्ही-रेच्या (रेंडर काढायच्या सॉफ्टवेअरच्या) फ्रेमचं प्रमाण आणि स्केचअपच्या खिडकीचं प्रमाण वेगळं असलं की कोपरे जुळत नाहीत, मग लोक ट्रान्सफॉर्म मारून ताणत बसतात. रेषांचे वजनाप्रमाणे तीन थर करा. काळ्याऐवजी गडद तपकिरी ठेवा, साठ टक्क्यांवर आणा. समोर झाड असेल तिथे रेषा मास्क करा (झाका), नाहीतर आंब्याच्या पानांतून खिडकीची चौकट आरपार दिसते. पिक्सेलभाऊंच्या जुन्या पोर्टफोलिओत असा एक आंबा आहे. ज्यांना बघायचा त्यांनी बघावा.

पिक्सेल पोट्टा

नाव घेऊन धागा काढला, आभारी आहे. तो आंबा थर्ड इयरचा आहे सर. तुमचे थर्ड इयरचे शीट टाका इथे, आम्ही पण पाहू.

मुद्दा. तुमची रेषा चौकोनी घरापुरती आहे. दीक्षाभूमीचा स्तूप रेषेत काढून दाखवा. एलेव्हेशनमध्ये, म्हणजे समोरून, काय येते? अर्धं वर्तुळ. पालथी कढई पण तशीच दिसते. घुमटाला कड नसते, नुसती आउटलाईन असते, अन् ती पण आपण दोन पावलं सरकलो की सरकते. गोलाई कळते सावलीने. आजी दरवर्षी दसऱ्याला न्यायची मला तिथे. सकाळचं ऊन एका बाजूने चढते, दुसरी बाजू हळूहळू राखाडी होत जाते, मधात कुठेच रेघ नाही. उजेड म्हणजे काय ते मी तिथे शिकलो, कॉलेजात नाही. आता सांगा, तपकिरी साठ टक्के रेषा कुठे ओढू?

अन् पोटाचं पण ऐका. मी मानेवाड्यात एका खोलीत दोन मशीन टाकून बसलो. क्लायंट व्ह्यूचे पैसे देते, रेषेचे नाही. रेषा दिसली की बिल्डर म्हणते, "हे अर्धवट राहिलं का? कम्प्लीट करून पाठव." मे महिन्यात पारा ४५ च्या वर, मी कूलरचं तोंड माझ्यावरून काढून मशीनकडे करतो, कारण मशीन बंद पडलं तर रात्रभराचं रेंडर गेलं. तुम्ही एसीत बसून ढोंग शिकवा.

ट्रेसिंगवाले काका

दोघेही चूक. ही भांडणंच माऊसवाल्यांची.

आम्ही रोट्रिंगच्या शाईच्या पेनाने ट्रेसिंग पेपरवर काढायचो. पेन कानाजवळ धरून हलवायचा, आतून टक टक आवाज आला तर चालू, नाहीतर ०.१ चा निब वाळला म्हणून समजा, अर्धा दिवस कोमट पाण्यात. पंखा बंद, कारण कागद उडतो. मनगटाखाली टीपकागद. १९८२ च्या मे महिन्यात सदरला आमच्या ऑफिसात एका हॉस्पिटलचा सेक्शन शाईने पुरा केला आणि कपाळावरचा घाम टपकन जिन्यावर पडला. ब्लेडने खरवडता खरवडता ट्रेसिंगला भोक पडलं. साहेबांनी काही म्हटलं नाही, नवीन शीट समोर ठेवलं. तेव्हा कळतं रेषेचं वजन म्हणजे काय. तुमच्याकडे कंट्रोल झेड आहे.

आपल्या नागपूरच्या हायकोर्टाची इमारत बघा. आर्किटेक्ट हेन्री मेडची, १९४० ची. तिला पाषाणातली कविता म्हणतात. रेंडर होतं का तेव्हा? दगडाचा थर न् थर रेषेने काढलेला.

थिसिसग्रस्त

काका, आदर राखून: रेंडर होतं. मेड ज्या नव्या दिल्लीच्या कामावरून आला, तिथे व्हाइसरॉय हाऊसची (आताच्या राष्ट्रपती भवनाची) पर्स्पेक्टिव्ह त्याचा आर्किटेक्ट ल्यूटियन्सने विल्यम वॉलकॉटकडून रंगवून घेतली होती. वॉलकॉट म्हणजे त्या काळचा पिक्सेल पोट्टा. मशीन गरम व्हायची नाही एवढाच फरक. आणि आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची, त्यांच्या संगत या स्टुडिओची ड्रॉइंग्ज आठवा, लघुचित्रासारखी. रेषाही आहे, रंगही आहे, प्लॅन आणि एलेव्हेशन एकाच कागदावर नांदतात. प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरचं नोबेल, मिळालेल्या माणसाला कोणी ढोंगी म्हटलं नाही.

माझं दुःख वेगळं आहे. कॉलेजात मागच्या ज्युरीला (शीट तपासायला परीक्षक बसतात तेव्हा) एकच शीट, दहा मिनिटांच्या अंतराने दोन ज्युरर. पहिले म्हणाले, "फार रेंडर झालंय, विचार दिसत नाही." दुसऱ्या म्हणाल्या, "रेषाच रेषा, मूड कुठाय?" मी रात्री तीनपर्यंत मल्टिप्लाय आणि ओव्हरले यांतला फरक बघत बसले होते. दोघांनी आपसात ठरवून आम्हाला एकदाच काय ते सांगावं.

साईटवरचा

तुमच्या भांडणात माझी भिंत गेली, ते ऐका आधी.

बेसा साईडला एक बंगला. समोरच्या भिंतीवर आडव्या ग्रूव्ह (खाचा) होत्या. आर्किटेक्टच्या ऑफिसात डिझाईन बदललं, चारच्या तीन केल्या. रेंडर नवीन काढलं, अन् त्यावरचा लाईनचा लेयर जुनाच राहू दिला. ए-थ्रीवर प्रिंट आला. वरची ग्रूव्ह एकमेकांवर बसली, बाकीच्या पुढं-मागं. मी त्या दिवशी दुसऱ्या साईटवर. मिस्त्रीनं चष्मा लावून मोजल्या, सहा भरल्या. त्यानं सहाच्या सहा काढल्या, प्लास्टर ओलं होतं तोवर, एकदम लायनीत, ओळंबा लावून. वरून मलेच म्हणते, "साहेब, डिझाईन भारी हाय." तोडून पुन्हा प्लास्टर केलं. पैसे कोणी दिले ते इचारू नका.

तव्हापासून आपला नियम: रेंडर साईटवर आणायचंच नाही. नुसत्या रेषा द्या अन् त्याच्यावर माप लिहा.

०.३५ पेन

@साईटवरचा, तो प्रिंट वर्किंग ड्रॉइंग नव्हता, प्रेझेंटेशन होता. साईटवर गेलाच कसा? पण हो, दोन थर दोन तारखांचे असणं हा या पद्धतीचा खरा रोग आहे. माझ्या ऑफिसातही झालंय. आता फाईलच्या नावात दोन्हीची तारीख टाकतो. घ्या, कबूल केलं.

@पिक्सेल, स्तूपाबाबत अर्धं मान्य. बाहेरून घुमटावर रेषा नको, ठीक. पण तो स्तूप आतून पोकळ आहे, आत भलामोठा हॉल आहे, हे तुझ्या सूर्योदयाच्या रेंडरमध्ये कुठे दिसतं? मधोमध काप, आणि कवचाची जाडी जाड रेषेने दाखव. आत उजेड कसा पसरतो ते तुझं रेंडर दाखवेल. मी हेच तर वर लिहिलं होतं. आणि रंग-रेषा एकत्र म्हणजे पाप असेल तर मंजुरीचा नकाशा काय असतो? प्रस्तावित काम लाल, पाडायचं पिवळं, प्लॉटची हद्द जाड काळी. तुझ्या आजोबांच्या काळापासून चालू आहे.

बाय द वे, माझ्या ऑफिसातही कूलरच आहे.

टू बीएचके मालकीण

मी तुमच्यातली नाही, मिस्टर आहेत. त्यांच्या मोबाईलवर वाचलं आणि "कूलर" शब्द दिसला म्हणून लिहिते.

आमच्या फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये बाल्कनीचं चित्र होतं. वेताची खुर्ची, कुंडीत तुळस, एक बाई कॉफी पिते, केस उडताहेत. नागपुरात मे महिन्यात बाल्कनीत केस उडतात ते लू लागून! ताबा मिळाला तेव्हा बाल्कनी भरली तीन फूट. कूलर ठेवला तर दार उघडत नाही. हॉलच्या खिडकीला बाहेरून ग्रिल, कूलरचं तोंड त्यात बसत नाही. स्टँड लावायला गेलो तर सोसायटी म्हणते एलेव्हेशन खराब होतं. चार वर्षं झाली, कूलर हॉलच्या मधोमध आहे, पाहुणे त्याला वळसा घालून सोफ्यावर जातात.

मला एक सांगा. तुम्ही सगळे नागपूरचे, सगळ्यांच्या घरी कूलर. तुमच्या एकाही चित्रात कूलर का नसतो? रेषेत नाही की फोटोसारख्या चित्रात नाही.

साईटवरचा

ताई, एक नंबर!! हे कोणी इचारतच नाही.

ट्रेसिंगवाले काका

आमच्या वेळी खिडकीबाहेर वाळ्याच्या ताट्या लागायच्या, त्यावर पाणी मारायचं. त्या आम्ही सेक्शनमध्ये तुटक रेषेने दाखवायचो.

पिक्सेल पोट्टा

काका, खरंच दाखवायचे की आत्ता सुचलं?

अन् ताई, मी टाकला होता कूलर. एकदा. बिल्डर म्हणे, "हे डबडं काढ, समोर गुलमोहर लाव." काढला. व्हिज्युअलायझरचं कोण ऐकते.

साईटवरचा

मंग त्यानं सांगितलं अन् तू काढला? भैताड आहेस का बे? खोटं चित्र तूच बनवलं ना.

पिक्सेल पोट्टा

ओ साईटवाले, तोंड सांभाळून. सहा ग्रूव्हवाल्यानं मले शिकवू नये.

थिसिसग्रस्त

भांडू नका. कायद्याचं बोलायचं तर २०१६ च्या रेरा कायद्यात कलम १२ आहे. जाहिरातीतल्या खोट्या मजकुरावर भरवसा ठेवून पैसे भरले आणि नुकसान झालं तर प्रमोटरने, म्हणजे बिल्डरने, भरपाई द्यायची.

टू बीएचके मालकीण

बेटा, चित्राच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात "कलाकाराची कल्पना" लिहिलेलं होतं. आणि कूलर नाही असं कुठे लिहिलं नव्हतं, नुसता दाखवला नव्हता.

०.३५ पेन

ताई, इथे आम्ही सगळेच दोषी आहोत, मी धरून. मागच्या महिन्यातच एक एलेव्हेशन केलं, पश्चिमेची चार खिडक्यांची भिंत, तीन वजनांच्या रेषा, मास्क केलेला कडुनिंब, सगळं. कूलरच्या स्टँडला जागा ठेवली नाही. आत्ता जाऊन बघितलं.

डक्ट कूलर गच्चीवर टाकला तर डक्टसाठी (थंड हवेच्या नळीसाठी) भिंतीत भोक आधीच हवं. ते भोक रेंडरमध्ये कोणी दाखवणार नाही, रेषेतच यायला हवं.

साईटवरचा

भोक आम्ही मागून पाडतो, बीमला लागते, मंग तुमचाच फोन येते.

पिक्सेल पोट्टा

बरं, एक करतो. कूलरचं मॉडेल बनवून ग्रुपवर टाकतो, ज्याला पाहिजे त्याने व्ह्यूत लावा. गंज लागलेला पण एक, निळा रंग उडालेला. ताई, तुमचा साईझ सांगा.

टू बीएचके मालकीण

अडीच बाय अडीच, उंची स्टँड धरून साडेचार फूट. तीन बाजूंनी ताट्या. पाण्याचा पाईप बाथरूममधून येतो, हॉलच्या फरशीवरून.

पिक्सेल पोट्टा

पाईप मॉडेल नाही करत. तो ०.३५ सरांना रेषेनं काढू द्या.

०.३५ पेन

काढतो. तुटक. आणि तू तो आंबा बदल आधी.