जर्मन भाषेतल्या लेखकांना झाडं एवढी का लागतात?

आळशी_वाचक:
जर्मनची बी२ पातळीची परीक्षा झाली त्या उत्साहात ऑस्ट्रियन लेखिका मार्लेन हाउसहोफरची 'डी वांड' (म्हणजे 'भिंत', १९६३) ही कादंबरी वाचायला घेतली. सुरुवात कसली जबरी आहे, बाई डोंगरातल्या शिकारी बंगल्यात पाहुणी म्हणून जाते, सकाळी बघते तर वाटेत न दिसणारी भिंत आणि पलीकडे माणसं पुतळ्यासारखी थिजलेली. म्हटलं आता काहीतरी होणार. होतं काय, तर बटाटे लावा, गवत कापा, गाईचं दूध काढा, बर्फ, ऊन, परत बर्फ. स्पष्टच बोलतो, ही पळवाट आहे. १९४५ नंतर ज्यांना मागच्या नाझी काळाबद्दल काही बोलायचं नव्हतं ते जंगलाबद्दल बोलत बसले. जर्मन कवी ब्रेख्तने १९३९ च्या एका कवितेतच म्हटलंय की झाडांबद्दलच्या गप्पा म्हणजे जवळजवळ गुन्हाच, कारण त्यात इतक्या दुष्कृत्यांवर मौन असतं.

पानगळ:
ब्रेख्त अर्धाच वाचलास बघ. त्याआधी तो म्हणतो, हे कसले दिवस आलेत! झाडांना नावं नाही ठेवत तो, काळावर चिडलाय. आणि बटाटे हे वर्णन कुठंय, ते तिचं जेवण आहे! गवत वेळेत कापलं नाही तर हिवाळ्यात गाय मरणार, मग ही. शहरात बसून आपल्याला तो निसर्ग वाटतो.

तिरकस_टोपी:
मी आळशीच्या बाजूने. नाझींनी 'रक्त आणि माती' अशी वंश आणि भूमीची घोषणा करून ते शब्दच नासवले, मग पन्नासच्या दशकात ऑस्ट्रियात आणि पश्चिम जर्मनीत हायमाटफिल्म, म्हणजे गावाकडचे गोडगोड सिनेमे आले, हिरवी कुरणं, डोंगर, गोड पोरी, म्हणजे काही घडलंच नव्हतं जणू. म्हणून मला ऑस्ट्रियन लेखक थॉमस बर्नहार्ड आवडतो. त्याची 'फ्रॉस्ट' ही कादंबरी पण १९६३ चीच, पण तिथला बर्फ माणसाला आतून कुजवतो, पोस्टकार्डवर छापता यायचा नाही.

पानगळ:
अहो टोपी, मग ते निसर्गवर्णनच झालं की! तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय 😄 आता पूर्व जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फची 'श्टोरफाल' (१९८७) घ्या. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटाची बातमी आलीये, पूर्व जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गच्या खेड्यात एक बाई बागेत आहे, त्याच दिवशी भावाच्या मेंदूचं ऑपरेशन चाललंय. चेरी फुललीये, आणि बहराचा 'स्फोट' झाला असं वर्षापूर्वी ती सहज म्हणाली असती, आता जीभ अडखळते. आकाश 'श्ट्रालेंड' म्हणजे लखलखीत, आणि किरणोत्सर्गाचा जर्मन शब्दही त्याच मूळ शब्दातून. फुललेलं झाड बघायचं तर आता अणुभट्टीला वगळून बघताच येत नाही. ही पळवाट?

आळशी_वाचक:
चेरीचं पटलं. पण तिथे चेर्नोबिल घडलंय म्हणून झाडाला अर्थ आला ना, नुसतं झाड कुठे पुरलं?

पानगळ:
नुसतं झाड असतं कुठे पण? स्विस लेखक माक्स फ्रिशच्या 'होमो फाबर' (१९५७) कादंबरीतला इंजिनिअर फाबर मेक्सिकोच्या वाळवंटात अडकतो आणि ठासून सांगतो की मला चंद्र म्हणजे आपल्या ग्रहाभोवती फिरणारं, गणितात मांडता येणारं वस्तुमान दिसतं, बाकी काही नाही. एवढं ठासून कोण सांगतं, ज्याला भीती वाटते तोच. वर्णन नाकारण्यातच माणूस उघडा पडतो.

तिरकस_टोपी:
फाबरला भीती वाटते हे तुमचं वाचन झालं, तो तरी कबूल करत नाही. असो. आळशी, 'वांड' सोडू नकोस, शेवटी एक माणूस येतो आणि...

आळशी_वाचक:
स्पॉयलर!!

पानगळ:
तिचा कुत्रा मरतो हे तर 'वांड'मधली बाई सुरुवातीलाच सांगून टाकते रे, तू बटाट्यांच्या नादात ते वाक्यच सोडलंस.